कलावतीचा टाक कोणी घालायचा

ठाणे,
ता. ६ नोव्हेंबर १८९२

गं. भा. गोदावरीबाई यांस,

आपली ओळख नाही आणि ती व्हावी अशी माझी इच्छाही नव्हती. पण आपण ती माझ्यावर लादलीत. मी महिपतराव दुर्वे यांची थोरली बहीण आवडाबाई. होय, तेच महिपतराव, ज्यांना सारे लोक अण्णा म्हणतात आणि ज्यांचा ‘कलाविलाप’ वाचून पुण्यापासून बडोद्यापर्यंत माणसे उशा भिजवतात. माझी उशी कोरडीच राहिली.

मी भायखळ्याच्या कॉन्व्हेंटात शिकले. तिथे खोटे बोलणाऱ्या मुलीचे तोंड साबणाने धुवत असत. माझ्या भावाला त्या शाळेत घातले असते तर मराठी वाङ्मयातले पुष्कळसे पाणी तेव्हाच आटले असते. पुढे मी इथल्या मुलींच्या शाळेत हेडमिस्ट्रेस होते. आता पेन्शन खाते आणि ज्याला त्याला तोंडावर बोलते. पूर्वीही बोलतच होते, पण तेव्हा पगार मिळत असे.

काल आमच्या शेजारच्या रखमाबाई दार न वाजवता आत आल्या आणि म्हणाल्या, "आवडाबाई, पेढे कुठे आहेत? अण्णा बोहल्यावर चढतायत!" मला वाटले, कुठल्या नाटकात चढतो आहे. तर खरेच चढतो आहे. वय अठ्ठेचाळीस. बायको कल्याणची, विधवा, माहेरी राहणारी, म्हणजे आपण.

आपण विधवा आहात ह्याबद्दल माझी तक्रार नाही. मी स्वतः नवव्या वर्षी विधवा झाले. पुनर्विवाहाचा कायदा झाला तेव्हा मी पंधरा वर्षांची होते, आणि घरात कोणाही शहाण्याने ते वर्तमानपत्र माझ्यापुढे ठेवले नाही. तेव्हा आपण खुशाल लग्न करा, दोनदा करा. पण ह्या माणसाशी? ‘कलाविलापा’च्या शेवटच्या पानावर त्याने आपल्या मृत पत्नीच्या चितेसमोर शपथ घेतली आहे की, ‘ह्या हृदयमंदिरी दुसरी मूर्ती बसणे नाही.’ ह्या शपथेच्या पाच आवृत्त्या निघाल्या. सहावी छापखान्यात आहे, आणि छापखानेवाला म्हणे अंथरूण धरून आहे.

दुसरे, दुर्व्यांचे घराणे. आमच्या आजोबांचे न्हाव्याशी भांडण झाले, तेव्हापासून त्यांनी मरेपर्यंत डोके कोणाच्या हाती दिले नाही. लहान मुले त्यांना बैरागी समजून पाया पडत. वडिलांनी मला कॉन्व्हेंटात घातले ते जातवाले नको म्हणाले म्हणून. माझे कल्याण वगैरे काही त्यांच्या मनात नव्हते. महिपत दहा वर्षांचा असताना कुर्लीच्या, म्हणजे खेकड्याच्या, नांग्या पाय म्हणून मोजायच्या की नाही ह्यावर वडिलांशी त्याचा वाद झाला. दोन वर्षे त्याने कुर्ली तोंडात घातली नाही, आणि खाडीकाठच्या आमच्या घरात ही उपासमारच म्हणायची. मी त्याच्याशी नऊ वर्षे बोललेले नाही. तो डोंबिवलीला, मी ठाण्याला. मध्ये आगगाडी आहे, पण ती आमच्या उपयोगाची नाही.

तेव्हा बाई, अजून वेळ आहे. नाही म्हणा. लग्नाला मी येणार नाही, हे सांगणे नलगे, तरी सांगते.

कळावे. लोभाचे पुढे पाहू.

आवडाबाई दुर्वे

*

कल्याण,
ता. ११ नोव्हेंबर १८९२

ती. वन्संस शिरसाष्टांग नमस्कार.

वन्सं म्हटल्याचा आपल्याला राग येईल हे मला ठाऊक आहे. पण आपण आधीच रागावलेल्या आहात, तेव्हा नवीन काही बिघडत नाही.

पत्र पोचले. माझा भाऊ आनंदा याने ते मोठ्याने वाचले आणि न्हाव्याच्या गोष्टीपाशी त्याला इतके हसू आले की पुढचे मला वाचावे लागले.

माझी आणि ह्यांची गाठ कशी पडली ते सांगते. भाद्रपदात इथल्या वाचनालयात ह्यांनी ‘कलाविलापा’तले मरणाचे प्रकरण वाचले. आम्ही बायका वेळूच्या काड्यांच्या चिकाच्या पडद्याआड बसलो होतो. कलावतीबाईंना ताप चढला आहे, आणि त्या पतीला धर्म, संसार, चंद्र, नदी ह्यांविषयी अकरा पाने सांगत आहेत. सगळ्या बायका पदर डोळ्यांना लावून बसलेल्या. मला हसू आले. मी माझ्या नवऱ्याला तापात पाहिले आहे. तापातला माणूस पाणी मागतो, फार तर शिव्या देतो. नदीचे वर्णन करत नाही.

वाचन थांबले. ह्यांनी विचारले, "कोण हसले?" मी म्हटले, "मी." म्हणाले, "कारण?" मी कारण सांगितले. दुसऱ्या दिवशी हे आमच्या दारात हजर! आनंदाला म्हणाले, "आपल्या भगिनींना माझे म्हणणे पटवून द्यायचे आहे." ते अजून पटलेले नाही, म्हणून दर रविवारी येतात. एका रविवारी आले नाहीत, तर मी दोनदा दारापर्यंत जाऊन आले. शेवंतीवहिनी म्हणाली, "अगं, वाद घालायला माणूस नाही म्हणून एवढी कासावीस?" मग माझ्या लक्षात आले. ह्यांच्याही आले असावे, कारण पुढच्या रविवारी वाद न घालता नुसतेच बसून राहिले. फार विचित्र दिसत होते.

तेव्हा नाही म्हणायची वेळ गेली. पण लग्न मोडायच्या बेताला आले आहे, ते वेगळ्याच कारणाने, आणि त्यात मला आपली मदत हवी.

आपल्याकडची चाल आपल्याला ठाऊक आहे. पहिली बायको मेलेली असली तर दुसरीने तिचा चांदीचा टाक, म्हणजे तिची आकृती ठोकलेला लहान पत्रा, गळ्यात घालायचा, नवे लुगडे, हळदकुंकू आधी त्या टाकाला दाखवायचे आणि मग स्वतः घ्यायचे. ह्यांनी धाकू सोनाराकडून कलावतीबाईंचा टाक करवून आणला. मी म्हटले, "तुम्ही तर व्याख्यानांत सांगता की भुतेखेते नाहीत." म्हणाले, "ही भीती नव्हे, ही स्मृती आहे." मी म्हटले, "फार चांगले. मग विश्रामचाही टाक करा, तो तुम्ही गळ्यात घाला. स्मृती मलाही आहे."

विश्राम म्हणजे माझे पहिले यजमान. इथल्या स्टेशनात तारबाबू होते. महामारीत गेले.

हे उभेच राहिले. म्हणाले, "माझ्या गळ्यात तारबाबू?" मी म्हटले, "मग माझ्या गळ्यात ग्रंथ का?" छत्री विसरून निघून गेले. थोड्या वेळाने परत आले, खिडकीतून हात आत घातला आणि तोंडाने अक्षर न काढता छत्री मागितली. मी दिली. तेव्हापासून आलेले नाहीत. तो टाक आमच्या कोनाड्यात आहे.

वन्सं, तो मी कदाचित घालीनही. पण कोणाला गळ्यात घालते आहे ते मला कळायला नको का? पुस्तकातली बाई मला नको. ती फार रडते, चोळी भिजेल. त्या खऱ्या कशा होत्या ते आपण सांगाल?

आपली (आपण मानलीत तर)
गोदा

*

ठाणे,
ता. १४ नोव्हेंबर १८९२

गोदावरीबाई,

आगाऊपणाला सीमा असते. ती आपल्याला कोणी दाखवलेली दिसत नाही.

‘माझ्या गळ्यात ग्रंथ का?’ हे वाक्य मी चार वेळा वाचले. नंतर रखमाबाईंना वाचून दाखवले. त्या म्हणाल्या, "शिव शिव!" आणि पुन्हा वाचायला सांगितले.

आपण विचारलेत म्हणून सांगते.

कलावती लग्न होऊन आली तेव्हा सात वर्षांची होती. आल्या दिवशी सासूला म्हणाली, "तुमच्या डाळीत मीठ नाही." खरेच नव्हते. मीच तिला लिहायला शिकवले; ती अक्षर घाणेरडे काढायची आणि म्हणायची की कावळ्याचे पायही असेच असतात, त्याला कोणी बोलत नाही. गंजिफात लबाडी करायची. पाने लुगड्याखाली दडवायची आणि पकडली की उलट माझ्यावरच ओरडायची. महिपत खोलीत लिहिताना मोठमोठ्याने वाक्ये म्हणून पाही. ती स्वयंपाकघरात पळी हातात घेऊन हुबेहूब त्याच्यासारखी उभी राही, छाती पुढे, भुवया वर, आणि तीच वाक्ये वांग्यांना ऐकवी. एकदा त्याने एक नाटक लिहिले होते. ते तिने न्हाणीच्या चुलीत घातले, आणि पाणी चांगले तापले असे त्याला सांगितले. त्यावर दोघांचे असे भांडण झाले की मासुंदा तळ्याच्या पलीकडचे लोक दिवे घेऊन आले. नंतर त्याने तेच नाटक पुन्हा लिहिले, आणि ते पहिल्यापेक्षा बरे झाले. हे तिनेच म्हटले, त्याच्या तोंडावर नाही.

ती गेली तेव्हा मी उशाशी होते. महिपत पायथ्याशी बसून तिला धीर देत होता, म्हणजे भाषण करत होता. तिने तोंड भिंतीकडे वळवले आणि म्हणाली, "आवडाक्का, खिडकी उघडा. आणि ह्यांना जरा गप्प बसवा." त्यानंतर ती बोलली नाही. अकरा पाने नाही, अकरा शब्दही नाही.

वर्षभराने पुस्तक आले. त्यात एक बाई होती, नाव कलावती, आवाज नाही, दात नाहीत, फक्त डोळे आणि त्यांत पाणी. मी भरल्या बैठकीत विचारले, "महिपत, ही कोण?" तो म्हणाला, "वाङ्मयातले सत्य तुला कळणार नाही." मी म्हटले, "मला वहिनी कळत होती." तेव्हापासून बोलणे बंद आहे. तो लोकांना सांगतो की बहिणीला माझ्या कीर्तीचा मत्सर. मला राग कीर्तीचा नाही. त्याने माझी एकुलती एक मैत्रीण दोनदा घालवली.

टाक घाला अगर घालू नका. पण घातलात तर ती गळ्यात असताना गंजिफा खेळू नका. हातातली पाने पाहील.

आवडाबाई

*

डोंबिवली,
मार्गशीर्ष शु. ९, शके १८१४

श्री.
ती. आवडाक्कांचे सेवेसी,

आपले-आमचे भाषण बंद आहे, ते बंदच आहे. हे भाषण नव्हे, लेखन आहे. ह्याचा अर्थ समेट असा काढू नये.

माझ्या खाजगी जीवनात आपण पत्ररूपाने शिरलात आणि एका विवेकी स्त्रीच्या मनात नको ते भरवलेत. काल समजूत घालायला गेलो, तो दार उघडताच ती बाई म्हणाली, "या. कलाबाईंचे नाटक परत लिहून झाले का?" आजवर जिला मी काव्याच्या सिंहासनावर बसवले, तिला आपण पळी देऊन वांग्यांपुढे उभे केलेत. वाचक काय म्हणतील? छापखान्याचे चालक काल इथे येऊन माझ्या ओटीवर रडून गेले. त्यांना मी चहा दिला.

टाकाविषयी माझा निर्णय झाला आहे. पत्नीने पूर्वपत्नीचा टाक धारण करावा ही रूढी आहे. पतीने पूर्वपतीचा टाक धारण करावा अशी रूढी नाही, पूर्वी नव्हती आणि माझ्यापासून सुरू होणार नाही. ज्या गळ्यात सभांतून पुष्पहार पडले, त्या गळ्यात विश्राम नावाचा एक कडकट्ट करणारा तारबाबू लोंबावा? गोदावरीबाई म्हणतात की एकही टाक नको, नाहीतर दोन्ही. मी म्हणतो एक. माघातला मुहूर्त ह्यामुळे हुकला तर हुको. मी दुर्वे आहे.

आपण रूढीविरुद्ध आयुष्यभर ओरडलात, तेव्हा आपण तिला समजावणार नाही हे मी जाणून आहे. म्हणून ही विनंती नाही.

आपला बंधू
महिपत

ता. क. — ती ‘गप्प बसवा’ म्हणाली हे मला आठवते. मी खोलीतच होतो. तिचे तोंड मला दिसत नव्हते, तू जवळ होतीस. ती चिडून म्हणाली की हसून?

*

ठाणे,
ता. ३० नोव्हेंबर १८९२

महिपत,

हसून.

बाकीच्या पत्राला उत्तर द्यावे असे त्यात काही नाही. तरी एक विचारते. जो माणूस भर सभेत सांगतो की स्त्रीपुरुषांना एकच न्याय हवा, त्याचा गळा त्या न्यायातून वगळला आहे का? तुझी व्याख्याने मी वाचते. विकत घेऊन नव्हे, रखमाबाईंच्या जावयाकडून मागून. त्यांत गळ्याचा अपवाद कुठे सापडला नाही.

विश्राम तारबाबू होता म्हणून तुला कमीपणा वाटतो. तो दोन शब्दांत बातमी पोचवत असे. हे तुला एकदा तरी जमले आहे का?

हे बोलणे नव्हे. लेखन आहे.

आवडा

*

कल्याण,
ता. ९ जानेवारी १८९३

ती. वन्संस शि. सा. नमस्कार.

इतके दिवस पत्र नाही, कारण सांगण्याजोगे काही होईल की नाही ह्याचीच खात्री नव्हती. झाले.

गेल्या रविवारी हे आले. ओटीवर उभे राहून, टोपी काढून, जणू समोर हजार माणसे बसली आहेत अशा आवाजात म्हणाले, "बाई, तुमच्या हट्टापुढे मी वाकलेलो नाही, हे आधी लक्षात घ्या. मी माझ्याच तत्त्वापुढे वाकत आहे. ते तत्त्व मी आठ वर्षांपूर्वीच मांडले होते." आनंदा म्हणाला, "अण्णा, आधी आत तरी या." म्हणाले, "आधी सोनार कुठे आहे?"

धाकू सोनाराला बोलावले. मेलेल्या पुरुषाचा टाक म्हटल्यावर त्याने विचारले, "घोड्यावर बसलेला वीर करू ना? पुरुषाचा तसाच करतात." मला तिथेही हसू आले. विश्राम घोड्याला इतके भीत की टांग्यात पाठमोरे बसत. मी म्हटले, "घोडा नको. बसलेला माणूस कर, पोट जरा पुढे." धाकू म्हणाला, "बाई, पोटाची चांदी वाढते." हे मध्येच म्हणाले, "वाढू दे. पोट असेल तर पोट दाखव. चरित्रात सत्य हवे." वन्सं, मी ह्यांच्याकडे पाहतच राहिले. हेही जरा चपापले. मग फार वेळ पायांतल्या जोड्यांकडे पाहत होते.

नंतर मला हळूच विचारले, "ते तापात काय म्हणाले होते?" मी सांगितले, की ते म्हणाले, गोदे, गाडी सुटली का बघ.  ह्यांनी ते लिहून घेतले नाही.

तेव्हा लग्न ठरले, माघ वद्य पंचमी, आमच्याच घरी. दोन्ही टाक दोघांच्या गळ्यात. जातवाल्यांनी बहिष्कार टाकला आहे, त्यामुळे जेवणाला माणसे कमी आणि श्रीखंड जास्त.

आता आपले. आपल्याला बोलवा म्हणून मी ह्यांना सांगितले. म्हणाले, "सख्ख्या भावाच्या लग्नाला बोलावणे कशाला लागते? ती आपण होऊन येईल." मी म्हटले, आपण होऊन त्या येणार नाहीत. म्हणाले, "मग मी बोलावणार नाही." आपण काय म्हणाल तेही मला ठाऊक आहे: त्याने बोलावल्याशिवाय मी येणार नाही. दोघांत मिळून एकच डोके आहे, ते अर्धे ठाण्यात आणि अर्धे डोंबिवलीत.

म्हणून मी एक युक्ती काढली. माझी आई नाही. शेवंतीवहिनी माहेरच्या भीतीने पुढे होत नाही. माझ्या बाजूला बसायला वडील बाई कोणी नाही. तेव्हा आपण वरपक्षाकडून येऊच नका. वधूपक्षाकडून या. हे बोलावणे माझे आहे, दुर्व्यांचे नव्हे. ते घेतल्याने आपली हार होत नाही आणि ह्यांचीही होत नाही. विधवेने मांडवात बसू नये म्हणतात. पण नवरीच विधवा असल्यावर आता उठवणार कोण आणि कोणाला?

एक विचारायचे होते. आपण मला लिहिलेत की कलावतीबाईंनी तोंड भिंतीकडे वळवले होते. ह्यांना आपण लिहिलेत की त्या हसून म्हणाल्या. ह्यांनी ते पत्र मला दाखवले. खिशात घालून हिंडतात.

आपली
गोदा

*

ठाणे,
ता. १२ जानेवारी १८९३

गोदा,

ते विचारू नकोस. माझ्या घरात साबण आहे.

येते. वधूपक्षाकडून. पण आधीच सांगते, नवऱ्यामुलाचे पाय धुण्याची वेळ आली तर तांब्या दुसऱ्या कोणाच्या हाती दे. माझ्या हाती आला तर पाणी डोक्यावर जाईल.

आवडाबाई

*

डोंबिवली,
ता. २ मार्च १८९३

ती. वन्संस शि. सा. नमस्कार.

लग्नानंतर घर लावण्यात दिवस गेले. इथे शेते, बगळे आणि स्टेशन एवढेच आहे. गाडी आली की सारे गाव बघायला जाते आणि गाडीतले गावाकडे बघतात.

लग्नात आपण आलात, माझ्या बाजूला बसलात, ते मी विसरणार नाही. ह्यांच्याशी आपण बोलला नाहीत, हे भटजीही विसरणार नाही. "भटजी, वराला सांगा, मुंडावळी वाकडी झाली आहे." "भटजी, वधूपक्षाला सांगा, ती मुद्दामच तशी आहे." बिचारा मंत्र विसरला.

आता घरची तक्रार लिहिते. टाक दोघांनी महिनाभर घालावे असे ठरले होते. पण माझ्या टाकाची कड टोचू लागली, आणि ह्यांचा टाक लिहायला वाकले की दौतीवर आपटू लागला. विश्रामची कडकट्टची सवय गेलेली नाही. तेव्हा दोन्ही काढून देवघरात ठेवायचे असे दोघांच्या मताने ठरले. आमचे एकमत झालेली ही पहिलीच गोष्ट. मी दोन्ही टाक धुतले, पुसले आणि शेजारीशेजारी ठेवले.

दुसऱ्या दिवशी पूजेला गेले, तो विश्राम शंखाच्या मागे. मला वाटले, मोलकरणीने पुसताना हलवला. परत शेजारी ठेवला. तिसऱ्या दिवशी विश्राम घंटेखाली, उपडा. मी ह्यांना विचारले, तर म्हणाले, "मला काय माहीत? तुमचे यजमान. फिरत असतील." मग मी दाराआड उभी राहिले. हे आंघोळ करून, सोवळे नेसून आले, इकडेतिकडे पाहिले आणि विश्रामला दोन बोटांनी उचलून कोपऱ्यात नेऊन ठेवले. वर कलाबाईंचा टाक भिंतीकडे सरकवला.

मी विचारले, "हे काय चालले आहे?" म्हणाले, "ती बावरते. परका पुरुष आहे." मी म्हटले, "चांदीचा आहे." म्हणाले, "असला तरी. शिवाय त्याचे पोट तिच्याकडे येते."

आता रोज हे दूर करतात, मी जवळ ठेवते. काल ह्यांनी धमकी दिली की टाक घेऊन ठाण्याला येईन आणि आपल्या हवाली करीन. मी म्हटले, "जा. नऊ वर्षांत गेला नाहीत, आता जाल?" सकाळी उठून पाहते तो हे घरात नाहीत, छत्री नाही, आणि देवघरात एकटा विश्राम.

वन्सं, हे आपल्याकडे आले आहेत का?

आपली
गोदा

*

ठाणे,
ता. ४ मार्च १८९३

चि. सौ. गोदेस अनेक आशीर्वाद.

आला होता. आज आठच्या गाडीने परत धाडला. एव्हाना पोचला असेल. त्याला जेवायला विचारू नकोस, माझ्याकडे चार कुर्ल्या खाऊन गेला आहे.

परवा दार वाजले. उघडले तर महिपत. हातात रुमाल, रुमालात ती. मला वाटले, भटजीला बरोबर आणले असेल. पण एकटाच होता, त्यामुळे बोलावे लागले. मी म्हटले, "ये." तो म्हणाला, "येतोच आहे." नऊ वर्षांनी हे संभाषण झाले. तू काही भव्य कल्पना करून बसू नकोस.

बसला. पाणी प्यायला. रुमाल माझ्यापुढे ठेवून म्हणाला, "हिला तुझ्याकडे ठेव. तिथे तिची कुचंबणा होते." मी विचारले, कसली कुचंबणा? तर म्हणाला, "तो मनुष्य पत्ते खेळत असे. गोदेने सांगितले आहे. मोठ्याने हसत असे. असल्या माणसाशेजारी ती..." आणि थांबला. मी काही बोलले नाही. शाळेत मी हेच करत असे. मूल थांबले की आपणही थांबायचे, उरलेले ते आपणच सांगते.

बऱ्याच वेळाने म्हणाला, "आवडाक्का, तिला तो आवडला असता का गं?"

गोदे, ‘कलाविलापा’ची ती सारी पाने मी वाचली आहेत. त्यांत एकदाही हा माणूस इतका घाबरलेला मला दिसला नव्हता. तिथे तो सिंहासने बांधत होता. इथे माझ्या पाटावर बसून, घामाघूम होऊन, एका मेलेल्या तारबाबूवर जळत होता. मला वाटले, आत्ता ती असती तर पळी घेऊन आली असती.

मी म्हटले, "फार आवडला असता. दोघांनी मिळून तुला गंजिफात लुटले असते."

त्याने रुमाल उचलला. मला वाटले, रागावून चालला. तो गाठ सोडून तिच्याकडे पाहत बसला. मग म्हणाला, "हो. लुटले असते." आणि हसला. सभेत हसतो तसे नाही. नाकातून पाणी येईपर्यंत. मीही हसले. रखमाबाई दार न वाजवता आत आल्या आणि आम्हाला पाहून, काही अशुभ झाले असे समजून, परत गेल्या.

दोन रात्री राहिला. सकाळी निघताना रुमाल त्याने स्वतःच घेतला. मी विचारले, मला द्यायला आणली होतीस ना? म्हणाला, "राहू दे. तिथेच राहू दे, त्याच्या शेजारी." आमच्या घराण्यात माघार घेतलेली मी पहिल्यांदाच पाहिली, म्हणून त्याच्या कपाळाला हात लावून ताप तर नाही ना ते पाहिले. नव्हता. पण पायरी उतरल्यावर वळला आणि तर्जनी वर करून म्हणाला, "मात्र दोघांच्या मध्ये मी एक सुपारी ठेवणार आहे. गणपती म्हणून."

ठेवू दे, गोदे. ती सुपारी तेवढी हलवू नकोस.

तुझी
वन्सं